आजीच्या डब्याचा जमाखर्च



वसंत व्याख्यानमाला म्हणजे पत्रिकेवर वसंत आणि अंगावर ग्रीष्म, हा अनुभव मराठवाड्यातल्या श्रोत्यांना नवा नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, ती पुण्याची संध्याकाळ डोळ्यांपुढे ठेवून केली असणार. घनसावंगीची वैशाखातली दुपार त्यांनी एकदा पाहिली असती, तर हेमंत व्याख्यानमाला काढली असती, अशी आमची नम्र समजूत आहे. मघाशी मांडवात शिरताना एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी घाम पुसायला खिशातून उपरणे ओढले आणि उपरण्याबरोबर कांदा बाहेर पडला. पोरे हसली. गृहस्थांनी शांतपणे कांदा उचलला, पुसला आणि पुन्हा खिशात ठेवला. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, हे आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या व्याख्यानाची प्रस्तावना त्या कांद्याने केली, त्याचे आम्ही आभारी आहोत.

चालकांनी आम्हांला विषय दिला तो 'आजीबाईचा बटवा'. या विषयावर बोलणाऱ्याने काय बोलायचे हे ठरून गेलेले आहे. जुने ते सोने, आजीला सगळे ठाऊक होते, आपण ते विसरलो आणि गोळ्यांच्या नादी लागलो, असे म्हणावे आणि टाळ्या घ्याव्या. आम्ही यातले निम्मेच म्हणणार आहोत. तेव्हा टाळ्याही निम्म्याच मिळाल्या तर आमची तक्रार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे आमच्या घरी बटवा नव्हताच. डालड्याचा रिकामा डबा होता. त्यात चिंध्यांच्या पुरचुंड्या असत. ओवा, बाळंतशेपा, सुंठ, हिंग, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ, मायफळ, सागरगोटा, तुरटी, काळा बोळ, आंबेहळद. बिब्बे मात्र वेगळ्या गाडग्यात, उंच, पोरांचा हात पोचणार नाही असे. पुरचुंडीवर नाव नसे. आजीला लिहिता येत नव्हते. ती वासावरून ओळखी, आणि वास गेला की गाठीवरून. प्रत्येक पुरचुंडीची गाठ वेगळी होती. हा तिचा ग्रंथ.

तो काळ कसा होता हे तरुण मंडळींना सांगायला हवे. निजामी राजवट १९४८ च्या सप्टेंबरात संपली, त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतले आमचे बालपण. घनसावंगी तेव्हा तालुक्याचे गाव नव्हते. अंबड तालुक्यात होते आणि जिल्हा औरंगाबाद. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी, म्हणजे आमचे केस पिकायला लागल्यावर. अंबडला जायचे तर बैलगाडी, आणि पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी जाईल की रुतेल हे बैलांनाच माहीत. आजारी माणूस आणि डॉक्टर यांच्यामध्ये जे अंतर होते, तेवढ्या अंतरात आजी उभी होती. तिच्या औषधांबद्दल बोलताना हे अंतर विसरून चालणार नाही. तिने डॉक्टर नाकारला नव्हता. तिच्या आयुष्याची पहिली पन्नास वर्षे तिला तो भेटलाच नव्हता.

गुटीपासून आरंभ करू, कारण आमचा आरंभ तिच्यापासूनच झाला. सहाण धुऊन पालथी वाळवायची, मग आईच्या दुधात किंवा उकळलेल्या पाण्यात एकेक जिन्नस उगाळायचा. माप असे ते वळशांचे. महिन्याच्या मुलाला हळकुंडाचा एक वळसा, मुरडशेंगेचा एक, जायफळाचा अर्धा. मूल वाढले की वळसे वाढत. जायफळाचा वळसा मोजताना आजी कुणाशी बोलत नसे, कारण एखादा वळसा जास्त झाला तर मूल दिवसभर पेंगते हे तिने पाहिलेले होते. कोणत्या पदार्थाचे किती, आणि कुठे थांबायचे, याची ही जाण आम्हांला आजही थोर वाटते. बाजारातल्या तयार गुटीच्या बाटलीत ही जाण भरता येत नाही. मात्र त्याच चाटणात ती बोटभर मध घाली, आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये, त्यातून क्वचित् फार घातक विषबाधा होते, हे आज डॉक्टर स्पष्ट सांगतात. आजीला ते कळण्याचा मार्गच नव्हता. आपल्याला आहे.

एरंडेलाविषयी आम्ही फारसे बोलणार नाही. महिन्यातल्या एका रविवारी पहाटे कोऱ्या चहावर तरंगणारे ते तेल, नाक दाबून धरणारे काका आणि परसाकडे जाण्यासाठी लागलेली भावंडांची रांग, हे ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी भोगले नाही त्यांना सांगून कळायचे नाही.

बिब्ब्याविषयी मात्र बोलले पाहिजे. बिब्बा हा आंब्याचा आणि काजूचा भाऊबंद. पण भाऊबंदांत एखादा जहाल निघतोच. परीट याच्याच तेलाने कपड्यांवर खुणा करीत, आणि ती खूण कपडा फाटला तरी जात नसे. टाचेला भेग पडली, काटा आत राहिला, की आजी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरी आणि त्याचे ठिपकणारे तेल जखमेवर सोडी. भेगेला गुण येई, हे आम्ही नाकारत नाही. पण तेच तेल ज्याच्या अंगाला सोसत नसे त्याच्या अंगावर फोड उठत, तोंड सुजे, डोळे मिटत. बिब्बा उतला, म्हणत. आणि मग तीळ-खोबरे वाटून लावत. पुढची पायरी याहून वाईट. मुलाचे पोट फुगले, धाप लागली, की पोटावर बिब्ब्याचे किंवा तापल्या विळ्याचे डाग. आमच्या वर्गात पोटावर डाग नसलेली मुले मोजावी लागत. मेळघाटातून तान्ह्या मुलांना असे चटके दिल्याच्या बातम्या अगदी अलीकडेही आल्या आहेत. तेव्हा हा विषय केवळ आठवणींचा आहे असे कुणी समजू नये.

आता विंचवाकडे वळू. आपला मुलूख दगडामातीच्या भिंतींचा, माळवदांचा, गोवऱ्यांच्या कलवडांचा. विंचवाने राहावे कुठे, तर इथेच. गावात विंचू उतरवणारे एक म्हातारे होते. कडुलिंबाची डहाळी घेऊन ते मांडीपासून अंगठ्यापर्यंत झाडत, पुटपुटत, आणि तासा-दोन तासांनी माणूस हसत घरी जाई. पैसा घेत नसत. सज्जन माणूस. आम्ही त्यांच्या ओट्यावर असे विंचू उतरताना किती पाहिले याची गणती नाही, आणि आमचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. एका श्रावणात शेजारचा एक मुलगा आला. बारा वर्षांचा असेल. त्याला लाल विंचू डसला होता. अंग गार, घामाने चिंब, छातीत धडधड, तोंडाला फेस. म्हातारे रात्रभर झाडत होते. पहाटे मुलगा गेला. दुसऱ्या दिवशी गाव काय म्हणाले, ते ऐका. "इच्चू नव्हताच तो, दुसरंच काहीतरी व्हतं."

मित्रहो, आमच्या आजच्या बोलण्यातला जमाखर्च या एका वाक्यात आहे. जे बरे झाले ते मंत्राच्या खात्यावर जमा झाले आणि जो गेला तो वहीत चढलाच नाही. बहुतेक विंचवांचे विष काही तासांत आपले आपणच ओसरते; कावीळही पुष्कळदा आपली आपण जाते, मग गळ्यातली माळ लांबली म्हणून गेली असे आपण म्हणतो. कुत्रा चावलेल्या प्रत्येकाला काही पिसाळलेलाच कुत्रा चावलेला नसतो. औषध बरोबर वेळेवर तेथे उभे असते, एवढीच त्याची कर्तबगारी. आणि लहानपणच्या औषधांच्या आठवणी सांगायला व्यासपीठावर जो उभा राहतो, तो त्या औषधांतून वाचलेला असतो. न वाचलेल्यांना व्याख्यानाचे आमंत्रण जात नाही.

लाल विंचवाचा हिशेब ज्यांनी प्रामाणिकपणे मांडला ते आपल्याच जिल्ह्याचे सुपुत्र आहेत, हे सांगताना आम्हांला अभिमान वाटतो. भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७० नंतरच्या दशकात ते कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले, आणि तिथे लाल विंचवाने माणसे मरत होती. मंत्राने नाही, तशी तेव्हाच्या दवाखान्यातल्या औषधांनीही ती वाचत नव्हती, हे ध्यानात घ्या. डॉक्टर रोग्यांच्या उशाशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, श्वास लिहीत राहिले. विषाने हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी टिपले; रक्तदाबावरचे प्राझोसिन नावाचे औषध त्यावर चालते हे दाखवले, आणि ते 'लॅन्सेट'सारख्या जगन्मान्य नियतकालिकात छापून आणले. शंभरांत चाळीसपर्यंत जाणारे रोगी एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी केले ते इतकेच, की जे मेले त्यांनाही वहीत लिहिले. आणि २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. आमच्या ओट्यावरचे ते म्हातारे आज असते तर त्यांनीच मुलाला खांद्यावर घेऊन दवाखाना गाठला असता, असे आम्हांला वाटते. पण हे आमचे वाटणे.

कुणी विचारील, मग डबा फेकून द्यायचा काय? मुळीच नाही. १९९५ साली हळदीने जखम भरते या 'शोधा'चे पेटंट अमेरिकेत देण्यात आले होते! आपल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते लढवले आणि १९९७ साली रद्द करून घेतले. पण ते जिंकले कशाने? आमची आजी लावत होती, असे सांगून नव्हे. जुन्या ग्रंथांतले लिखित पुरावे आणि १९५३ सालच्या एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढे ठेवला, तेव्हा. तिकडे चीनमध्ये तू यूयू या बाईंनी हिवतापावरचे औषध शोधताना सोळाशे वर्षांपूर्वीच्या पोथीत वाचले, की अमुक वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यावी. त्यावरून उकळल्याने गुण जातो हे त्यांनी ताडले, थंड रीतीने अर्क काढला, आधी प्राण्यांवर आणि मग स्वतःवर घेऊन पाहिला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. पोथीला त्यांनी नमस्कार केला असेल, पण तपासल्यावाचून सोडली नाही.

आम्ही आमच्या आजीचा डबा मनाशी असाच तपासत बसलो, तेव्हा एक विचित्र गोष्ट आढळली. तिच्या घरातली सर्वांत गुणकारी औषधे डब्यात नव्हतीच. त्यांना औषध हे नावही नव्हते. उन्हातून आलेल्याला कैरीचे पन्हे, त्यात गूळ आणि मीठ. डोक्यावर ओले फडके. आजारातून उठणाऱ्याला मीठ घातलेली भाताची पेज. आणि घागरीच्या तोंडाला बांधलेले जुन्या लुगड्याचे दुहेरी फडके. या फडक्याची थोरवी सांगतो. पायऱ्यांच्या विहिरीत बायका उतरून पाणी भरत, आणि त्या पाण्यातून नारू होई. पायातून हातभर लांबीचा दोरा निघे. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. डब्यात नारूवर चार लेप होते आणि चारही निरुपयोगी. आजवर त्यावर औषध असे निघालेले नाही. आणि तरीही भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. तो कशाने? पाणी गाळून पिण्याने आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करण्याने. ते फडके आजीच्या घागरीवर रोज होते. ती त्याला सोवळे म्हणत होती, आणि औषध म्हणून लेप वाटत होती. खिशातल्या कांद्याचे श्रेयही असेच आहे. उन्हात जाताना कांदा आणि घरी आल्यावर पन्हे; काम पन्ह्याने केले, नाव कांद्याचे झाले.

आता जे सांगायचे ते सांगावे की नाही, याचा आम्ही येथे येईपर्यंत निर्णय केला नव्हता.

आमच्या पाठीवर एक बहीण होती, सव्वा वर्षाची. तिचे नाव आम्ही घेत नाही. घरातही ते पुढे कुणी घेतले नाही. मृगाचा पाऊस झाला, नवे पाणी आले आणि तिला हगवण लागली. आजीने डबा काढला. जायफळ उगाळले, डाळिंबाची साल उगाळली, बेंबीभोवती हिंग लावला. सगळे वळसे मोजून, नेहमीसारखे. आणि पाणी बंद केले. पोटात पाणी गेले की जुलाब वाढतात, हे त्या काळी घरोघर मानीत. आजी एकटी तसे मानत नव्हती. तांब्या उचलून फडताळावर ठेवला. आईला दया येईल म्हणून आम्हांला दाराशी बसवले. आमचे वय सहा. कुणी पाणी देऊ लागले तर हाक मारायची, हे आमचे काम. पोर पहिल्या दिवशी रडत होती. दुसऱ्या दिवशी रडताना डोळ्यांत पाणी येईना. ती फडताळाकडे बघे. तोंड उघडून जीभ बाहेर काढी. आईने एकदा पदराचे ओले टोक तिच्या ओठांना लावलेले आम्ही पाहिले, आणि आम्ही हाक मारली. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपायचे ठरत होते, तोवर आटोपले.

हगवणीने मूल मरते ते बहुधा जुलाबाने नव्हे, अंगातले पाणी आणि क्षार संपल्याने मरते. हे दवाखान्यातल्या डॉक्टरांना ठाऊक होते. पण पाणी भरायचे ते शिरेतून, सलाइनने. मीठ आणि साखर एकत्र पोटात गेली तर हगवणीतही आतडे ती ओढून घेते आणि त्यांच्याबरोबर पाणी शरीरात जाते, हे १९६० नंतर नीट कळले. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ-साखरेचे पाणी कालवून ते रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. शंभरांत तीसएक दगावत होते, ते चारांच्या आत आले. 'लॅन्सेट'ने १९७८ साली लिहिले, की हा या शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आज आशाताईंच्या पिशवीत त्याची पुडी असते.

मीठ आमच्या घरात होते. साखर डब्यात नसली तरी गूळ होता, पेजेला तांदूळ होते, आणि तांब्या फडताळावर भरलेला होता. उन्हाळ्यात पन्हे करणारे हात तेच होते.

आजी पुष्कळ जगली. १९८४ च्या सुमारास आमच्या धाकट्या मुलाला, दहा महिन्यांचा असताना, तशीच हगवण लागली. उपकेंद्राच्या नर्सबाई घरी आल्या, पाणी कालवून दाखवले, वाटी-चमच्याने कसे पाजायचे ते दाखवले. आजी भिंतीला टेकून ऐकत होती. तिला दिसत कमी होते, ऐकू मात्र येत होते.

"बाई, जुलाबात पाणी द्यायचं व्हय?" तिने विचारले.

"द्यायचंच, आजी. जेवढं जाईल तेवढं द्यायचं. पाण्यावाचूनच लेकरं जातात."

आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "कदीपासून कळलंय हे?"

नर्सबाई म्हणाल्या, "झाली की आता बरीच वर्षं." त्यांना कशाचीच कल्पना नव्हती. आमची आई चुलीपाशी होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

त्या रात्री आजीने वाटी कुणाच्या हाती दिली नाही. डबा काढला नाही. मुलाला मांडीवर घेऊन ती चमचा चमचा पाजत बसली. ओकले की थोडे थांबे, पुन्हा पाजी. आम्ही दाराशी बसलो होतो, का ते आम्हांलाही सांगता आले नसते. पहाटे डोळा लागला होता तो तिच्या हाकेने उघडला. मूल झोपले होते, लंगोट ओला होता. तांब्या तिच्या गुडघ्यापाशी रिकामा पडला होता, आणि तो भरून आण म्हणून ती आम्हांला सांगत होती.